महाभारताला पत्ते देणारा माणूस : डॉ. वि. सी. सुखठणकर आणि पेजच्या आतली लिंक

गेल्या आषाढीची गोष्ट आहे. माउलींची पालखी नातेपुत्याहून निघते, वाटेत सदाशिवनगरला गोल रिंगण होतं आणि संध्याकाळी ती आमच्या माळशिरसला मुक्कामाला येते. त्या रात्री गावात पाय ठेवायला जागा नसते. पाण्याचा टँकर कुठे, दवाखाना कुठे, मोबाईल चार्ज कुठे करायचा, हेच प्रश्न शंभर वेळा विचारले जातात. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, त्यामुळे गावातल्या मित्रांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं. मी एक लांबलचक पेज बनवलं, त्यात दहा-बारा विभाग केले आणि प्रत्येक विभागाची वेगळी लिंक दिंड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवली. लिंकवर क्लिक केलं की पेज थेट त्या विभागावर उघडायचं. सगळे खूश होते.

पालखी यायच्या आदल्या रात्री मला वाटलं, दवाखाना हे शीर्षक फारच साधं दिसतंय. मी तिथे वैद्यकीय मदत केंद्र असं लिहिलं आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी एका दिंडीतल्या आजींना ताप भरला. त्यांच्या पुतण्याने ग्रुपवरची दवाखान्याची लिंक उघडली. समोर आलं पेजचं तोंड : स्वागताचा फलक आणि पालखीचे मोठमोठे फोटो. गर्दीत नेट रांगत होतं, फोटो उतरत नव्हते, खाली सरकता येत नव्हतं. शेवटी त्याने एका चहाच्या टपरीवर विचारून दवाखाना गाठला. आजी बऱ्या झाल्या, वारीही पूर्ण केली. पण चूक माझी होती, आणि ती चूक नेमकी काय होती हे मला नीट समजलं ते ऐंशी वर्षांपूर्वी वारलेल्या एका माणसामुळे. आज त्यांचीच गोष्ट सांगणार आहे. त्याआधी दोन मिनिटं तंत्राची.

# च्या पुढे काय असतं?

वेब पेजच्या पत्त्याच्या शेवटी कधी कधी # हे चिन्ह आणि त्यापुढे एखादा शब्द दिसतो. # च्या आधीचा भाग म्हणजे घराचा पत्ता आणि पुढचा भाग म्हणजे घरातली खोली. एचटीएमएलमध्ये कोणत्याही शीर्षकाला किंवा परिच्छेदाला आयडी देता येतो. लिंक उघडली की ब्राउझर तो आयडी पेजमध्ये शोधतो आणि पेज तिथपर्यंत सरकवतो.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, # नंतरचा भाग सर्व्हरकडे जातच नाही, तो फक्त ब्राउझरपुरता असतो. दुसरी, तो आयडी पेजमध्ये सापडला नाही तर कोणतीही चूक दाखवली जात नाही. पेज गुपचूप वरूनच उघडतं. पेजच सापडलं नाही तर निदान ४०४ तरी दिसतो, खोली सापडली नाही तर कोणी काही बोलत नाही.

माझ्या पेजचं टेम्पलेट शीर्षकावरून आपोआप आयडी बनवायचं. शीर्षक बदललं, आयडी बदलला, आणि व्हॉट्सॲपवर गेलेल्या सगळ्या लिंका एका रात्रीत मेल्या.

समासातले बारीक आकडे

वारी संपल्यावर पुण्यात मामेबहिणीकडे हा किस्सा सांगत होतो. ती संस्कृतची एम.ए. करते. ती मला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने छापलेल्या महाभारताचा एक जाडजूड खंड दाखवायला घेऊन गेली. पानाच्या वरच्या भागात श्लोक, खाली बारीक टाइपात पाठभेदांची गर्दी. मला मात्र दिसले ते समासातले आकडे. ठिकठिकाणी तीन अक्षरं आणि तीन आकडे : त्याच श्लोकाचा कलकत्ता आवृत्तीतला क्रमांक, मुंबई आवृत्तीतला क्रमांक आणि दक्षिणेतल्या कुंभकोणम आवृत्तीतला क्रमांक. म्हणजे नवा पत्ता दिला, पण जुने तिन्ही पत्ते त्याच पानावर जिवंत ठेवले. ही पद्धत ज्यांच्या हाताखाली उभी राहिली, ते डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर.

सुखठणकरांचा जन्म ४ मे १८८७ रोजी मुंबईत झाला. पुढे ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकले. विषय कोणता? गणित. संस्कृतच्या इतिहासात ज्यांचं नाव कायमचं कोरलं गेलं ते मुळात गणिताचे विद्यार्थी होते, हे वाचून मला इंजिनियर म्हणून उगाचच आनंद झाला.

गणितानंतर ते बर्लिनला गेले. तिथे हाइनरिख ल्यूडर्स हे संस्कृतचे फार मोठे पंडित होते. हस्तलिखितं कशी वाचायची, दोन प्रतींमधला फरक कसा नोंदवायचा, कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली असेल हे कसं ओळखायचं, ही शिस्त जर्मन विद्यापीठांत तेव्हा घट्ट रुजलेली होती. सुखठणकरांनी शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहून तिथे डॉक्टरेट मिळवली.

भारतात परतल्यावर त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. शिलालेख आणि ताम्रपट वाचायचं काम होतं. त्यानंतर ते भासाच्या नाटकांकडे वळले. १९१२ पासून त्रिवेंद्रमहून गणपतिशास्त्रींनी भासाच्या नावावर तेरा नाटकं छापायला सुरुवात केली होती आणि ती खरंच भासाची आहेत का यावर वाद पेटला होता. सुखठणकरांनी त्या वादात घाईने बाजू घेतली नाही. त्यांनी भाषा तपासली, छंद तपासले, नाटकांमधल्या सारख्या ओळींची तुलना केली आणि लेखमाला लिहिली. स्वप्नवासवदत्ताचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९२३ मध्ये प्रसिद्ध झालं. आधी पुरावा मांडायचा, मग बोलायचं, हा स्वभाव तोवर पक्का झाला होता.

एकच श्लोक, चार पत्ते

पुण्यात भांडारकर संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारतासाठी एक लाख रुपये देण्याचं वचन दिलं. १ एप्रिल १९१९ रोजी स्वतः रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी कामाचा शुभारंभ केला. १९२३ मध्ये नारायण बापूजी उत्गीकरांनी विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती काढली आणि ती जगभरच्या अभ्यासकांकडे मत मागण्यासाठी पाठवली. आजच्या भाषेत तिला बीटा म्हणायला हरकत नाही. १९२५ मध्ये सुखठणकर प्रधान संपादक झाले. त्याच वर्षी भांडारकर गेले.

आता अडचण काय होती ते बघा. महाभारत एक नव्हतं. काश्मीरमधल्या शारदा लिपीतलं वेगळं, बंगालीतलं वेगळं, मल्याळम लिपीतलं वेगळं. कुठे श्लोक कमी, कुठे जास्त, कुठे अख्खी कथा घुसलेली. छापील आवृत्त्या आल्यावर गोंधळ वाढला. १८३४ ते १८३९ या काळात कलकत्त्याला छापलेल्या आवृत्तीत प्रत्येक पर्वातले श्लोक पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग मोजले होते. मुंबईच्या आवृत्तीत अध्याय आणि अध्यायातला श्लोक असा क्रमांक होता. कुंभकोणमच्या आवृत्तीचा हिशोब आणखी तिसराच.

तरी अभ्यासक संदर्भ देतच होते. सेंट पीटर्सबर्गला छापलेल्या मोठ्या संस्कृत-जर्मन कोशात महाभारताचे असंख्य संदर्भ कलकत्त्याच्या क्रमांकांनी दिले होते. डेन्मार्कच्या सोरेनसेन यांनी महाभारतातल्या नावांची प्रचंड सूची केली, तीही कलकत्ता आवृत्तीला धरून. ही सगळी पुस्तकं जगभरच्या कपाटांत जाऊन बसली होती. छापलेला संदर्भ परत बोलावता येत नाही, जसा व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड झालेला मेसेज परत येत नाही.

आणि सुखठणकरांना तर मजकूरच बदलायचा होता. हस्तलिखितांच्या पुराव्यावरून जितका जुना पाठ गाठता येईल तितका गाठायचा, हे त्यांचं उद्दिष्ट. त्यात श्लोक गळणार, अध्यायांच्या सीमा हलणार, क्रमांक बदलणार हे उघड होतं. शीर्षक बदलताना मी जे केलं तेच, पण लाखभर श्लोकांच्या प्रमाणावर.

चौकोन आखलेले कागद

काम कसं चालायचं ते ऐकण्यासारखं आहे. बारीक चौकोन आखलेल्या कागदावर वर प्रचलित आवृत्तीतला श्लोक लिहायचा, एका चौकोनात एक अक्षर. त्याखाली एकेका हस्तलिखिताची ओळ. जिथे फरक असेल तिथेच त्या चौकोनात वेगळं अक्षर लिहायचं. मला तर ते कागद बघून स्प्रेडशीटच आठवली. प्रत्येक हस्तलिखिताला लिपीवरून एक अक्षर आणि एक आकडा असं छोटं नाव दिलेलं होतं. पुण्याबरोबरच शांतिनिकेतनला आणि तंजावरलाही अशी जुळणी चालायची, कारण बंगाली आणि दक्षिणेतल्या लिप्या वाचणारे जाणकार तिथे होते.

आदिपर्वाच्या पाठासाठी सुखठणकरांनी सुमारे ६० हस्तलिखितांचा आधार घेतला. पहिला भाग १९२७ मध्ये निघाला आणि संपूर्ण आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं. मुंबईच्या आवृत्तीत आदिपर्वाचे २३४ अध्याय होते, चिकित्सक आवृत्तीत ते २२५ झाले. याचा परिणाम काय झाला ते शकुंतलेच्या गोष्टीवरून समजेल. मुंबई आवृत्तीत ती ६८ व्या अध्यायापासून सुरू होते, चिकित्सक आवृत्तीत ६२ व्या अध्यायापासून. जुन्या पुस्तकातला ६८ हा आकडा घेऊन कोणी नव्या आवृत्तीत गेला तर तो भलत्याच ठिकाणी पोचेल, आणि आपण चुकलो हे त्याला कळणारही नाही.

यावर उपाय तेच समासातले आकडे. जुना क्रमांक घेऊन येणाऱ्याने समास बघत जायचं, त्याला त्याची जागा सापडते. मला सगळ्यात जास्त भावलं ते हे, की पत्त्यांची ही नोंद लांब कुठल्या तरी वेगळ्या वहीत नाही, त्याच पानावर आहे. # नंतरचा भाग सर्व्हरपर्यंत पोचत नाही, म्हणून सर्व्हरवर रीडायरेक्ट लावून पेजच्या आतली तुटलेली लिंक जोडता येत नाही. जुना पत्ता पेजमध्येच ठेवावा लागतो. कागदावर सुखठणकरांनी नेमकं तेच केलं होतं.

काढलं, पण फेकलं नाही

दुसरा प्रश्न याहून नाजूक होता. जे श्लोक जुन्या पाठात बसत नाहीत त्यांचं काय करायचं? डिलीट करणं सगळ्यात सोपं. पण त्या श्लोकांवर शतकानुशतकं टीका लिहिल्या गेल्या, कीर्तनं झाली, लोकांनी ते पाठ केले. आणि संपादकाचा निर्णय चुकलाच असेल तर? पुढच्या अभ्यासकाला तपासायला साहित्य हवं.

म्हणून सुखठणकरांनी गाळलेल्या ओळी त्याच पानाच्या तळाशी दिल्या, प्रत्येक उताऱ्याला तारांकित क्रमांक देऊन. मोठे उतारे परिशिष्टात गेले, तेही क्रमांकासह. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत असलेली कथा घ्या. पुराव्यावरून ती जुन्या पाठात बसत नव्हती, म्हणून ती मुख्य मजकुरात नाही. पण ती हरवलेलीही नाही. आदिपर्वाच्या पहिल्या परिशिष्टात ती पहिल्याच क्रमांकाला आहे, कोणती हस्तलिखितं ती सांगतात या नोंदीसह. गणपतीला मुख्य घरातून अंगणात आणलं असेल, पण दारावर पाटी लावून.

पत्ता देण्यातला बारकावाही बघा. पर्व, अध्याय, श्लोक इथेच ते थांबले नाहीत. श्लोकाच्या प्रत्येक चरणाला अक्षर दिलं. पहिल्या पर्वातल्या पहिल्या अध्यायातल्या अमुक श्लोकाचा तिसरा चरण, असं नेमकं बोट ठेवता येतं. यात पान क्रमांक कुठेच नाही. पान हे कागदाच्या आकारावर आणि छापखान्यावर अवलंबून असतं. चरणाचा पत्ता मजकुराचा असतो, पुस्तक कुठेही छापा, तो तोच राहतो.

माझ्या आजोबांना हे कोणी शिकवावं लागलं नसतं. त्यांची ज्ञानेश्वरी पाठाची पोथी फाटून तीनदा बदलली, पण ते कायम अध्याय आणि ओवीच सांगायचे, पान कधीच नाही. घोळ व्हायचा तो वेगळ्या परंपरेची प्रत समोर आली की, कारण राजवाड्यांच्या प्रतीतली आणि प्रचलित प्रतीतली ओव्यांची संख्या सारखी नाही.

मागे राहिलेलं काम

प्रधान संपादक म्हणून सुखठणकरांनी वेगवेगळी पर्वं वेगवेगळ्या विद्वानांकडे सोपवली. रघुवीरांचं विराटपर्व १९३६ मध्ये आलं, सुशीलकुमार डे यांचं उद्योगपर्व १९४० मध्ये. संपादक निरनिराळ्या गावांतले, पण नियम एकच. पत्ता द्यायची रीत सगळ्यांना सारखी असली तरच अठरा पर्वांचा एक ग्रंथ होतो. वनपर्व, म्हणजे या आवृत्तीतलं आरण्यकपर्व, त्यांनी स्वतः संपादित केलं. ते १९४२ मध्ये पूर्ण झालं. मधल्या काळात महाभारतावर त्यांची लेखमालाही चालू होती. भृगुकुळाच्या कथा महाभारतात किती आणि कशा शिरल्या, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं.

अक्षरा-अक्षराची छाननी करणारा माणूस एवढ्यावरच थांबला असेल असं वाटतं. पण शेवटी त्यांनी मुंबई विद्यापीठात व्याख्यानं दिली ती महाभारताच्या अर्थावर. चार व्याख्यानं ठरली होती. तीन झाली. चौथं होण्याआधीच, २१ जानेवारी १९४३ रोजी, ते वारले. वय ५५. ती व्याख्यानं १९५७ मध्ये पुस्तकरूपाने आली.

अठरापैकी थोडीच पर्वं तोवर छापून झाली होती. इतकं एका माणसाभोवती फिरणारं काम तिथेच थांबू शकलं असतं. थांबलं नाही, कारण नियम त्यांच्या डोक्यात अडकून राहिले नव्हते, छापून समोर होते. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी सूत्रं हाती घेतली, त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्यांनी. एकूण १,२५९ हस्तलिखितं तपासून १९६६ मध्ये महाभारत पुरं झालं आणि त्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचं प्रकाशन झालं. सुखठणकरांना जाऊन तेव्हा २३ वर्षं झाली होती.

त्यानंतर संस्थेने प्रतीक-सूची काढली. क्रमांक माहीत नाही, फक्त चरणाची सुरुवात आठवते, तर त्या शब्दांवरून श्लोक शोधायचा. आज क्रोममध्ये मजकूर निवडून त्याच मजकुराची लिंक बनवता येते, ती याच जातीची युक्ती आहे. लेखकाने आयडी दिला नसेल तरी ब्राउझर ते शब्द शोधून तिथे नेतो. ही सोय क्रोममध्ये २०२० साली आली, आणि फायरफॉक्सनेही २०२४ मध्ये अशा लिंका उघडायला सुरुवात केली. पण शब्द बदलले की तीही लिंक चुकते.

१९९० च्या दशकात जपानमधल्या क्योटोच्या मुनेओ तोकुनागा यांनी अख्खं महाभारत कॉम्प्युटरवर चढवलं आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ते तपासून सुधारलं. त्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक क्रमांक आहे : दोन आकडे पर्वाचे, तीन अध्यायाचे, तीन श्लोकाचे आणि पुढे चरणाचं अक्षर. इंटरनेट यायच्या कितीतरी आधी पुण्यात ठरलेला पत्ता कसलाही बदल न करता मशीनला चालला. गणिताचा तो विद्यार्थी केंब्रिजमधून निघाला होता, त्याचे आकडे फिरून तिथेच पोचले.

माझ्या पेजवर मी काय बदललं

सुखठणकरांचं सगळं काही आपल्याला जमणार नाही. पण पेज बनवणाऱ्या कोणालाही यातल्या चार गोष्टी आजच करता येतील.

१. आयडी शीर्षकावरून आपोआप बनू देऊ नका, स्वतः ठरवा. शीर्षक हे दिसण्यासाठी असतं, आयडी हा टिकण्यासाठी. माझ्या पेजवर शीर्षक काहीही असो, दवाखान्याचा आयडी आता दवाखानाच राहतो.

२. आयडी बदलावाच लागला तर जुना काढू नका. एका घटकाला एकच आयडी देता येतो, म्हणून त्याच्या शेजारी जुना आयडी असलेला एक रिकामा घटक ठेवा. हाच आपला समासातला आकडा.

३. एखादा विभाग काढून टाकला तर त्याच्या जागी एक ओळ ठेवा : हा विभाग आता अमुक ठिकाणी आहे किंवा बंद झाला आहे. आयडी तोच. हा आपला तारांकित श्लोक.

४. आयडी देवनागरीत चालतो, पण छोटा ठेवा. लिंक कॉपी केल्यावर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचे बहुतेक वेळा नऊ वर्णांचे टक्केवाले तुकडे होतात. नुसत्या पाणी या शब्दाचे ३६ वर्ण होतात.

यंदा पालखी येण्याआधी मी बसून जुने सगळे आयडी पेजवर परत लावले. मग गेल्या वर्षीच्या ग्रुपमध्ये जाऊन, तीच दवाखान्याची जुनी लिंक शोधून, गावातल्या चौकात उभं राहून मोबाईलवर उघडली. पेज सरळ मदत केंद्राच्या नकाशावर जाऊन थांबलं. त्या पुतण्याच्या फोनमध्ये ती लिंक अजून असेल, तर आता ती त्याला बरोबर जागी नेईल.